वळणावर आलेलं पोर

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. शहागंजात खाली आमचं भांड्यांचं दुकान, वरच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि दोन्ही बाजूंना तांबट आणि कल्हईवाले. दूधवाला यायच्या आधी हातोड्या सुरू व्हायच्या. कुणी घागरीचा पोचा काढतंय, कुणी पातेल्याचा काठ ठोकतंय, आणि आमच्या दुकानात आण्णा नव्या ताटांवर छिन्नीनं नावं घालतायत, टुक टुक टुक. या सगळ्याच्या वरताण बोलायचं म्हणजे ओरडायचंच. माय जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडायची, "दिगू, आण्णाला म्हणावं भाकरी गार व्हायली," आणि खालून आण्णा ओरडायचे, "गिऱ्हाईक हाय, दिसत नाय का?" पाहुणे आले की त्यांना वाटायचं भांडण चाललंय. ते बिचारे पाण्याचा तांब्या हातात धरून अवघडून बसायचे. अशा घरात एखाद्याला ऐकू येईनासं झालं तर ते कळायला वेळ लागणार, हे मला मान्य आहे. पण किती वेळ? याच्यावर आज या वयातही माझं डोकं फिरतं, आणि मुलं म्हणतात, आई, जुनं उकरून काढू नकोस. मी उकरत नाही. ते वरच आहे.

दिगू म्हणजे माझा थोरला भाऊ, दिगंबर. बोलका होता, इतका की माय म्हणायची याच्या जिभेला हाड नाही. त्याला प्रत्येक गोष्टीत 'का' लागायचा. मीठ घातलं तर कल्हई का उडते, चांदीचं भांडं काळं का पडतं, घागरीची मान अशी बारीक का. दुकानात बसून बसून त्याला धातूंची अशी माहिती झाली होती की गिऱ्हाईकं मुद्दाम त्याला बोलतं करायची. आण्णांना मात्र हे पसंत नव्हतं. आण्णा मूळचे गंगापूरकडचे, शेतकऱ्याचे. शेती काकांच्या हाती देऊन शहरात आले, धंदा शिकले, पण डोकं गावातच राहिलं. पोरगं आणि खोंड सारखंच, असं त्यांचं ठाम मत. लहानपणी मोकळं सोडलं तर पुढं औताला लागत नाही. शाळेत नाव घालताना त्यांनी मास्तरांना हात जोडून सांगितलं होतं, "चामडी तुमची, हाडं आमची. कमी करू नका." हे वाक्य त्या काळी सगळेच बाप बोलायचे. लग्नात 'या बसा' म्हणावं तितक्या सहज बोलायचे. मास्तरांनी ते खरं धरलं, यात मास्तरांचा तरी काय दोष, असं म्हणणारे आमच्या नात्यात अजून आहेत. त्यांच्याशी मी बोलत नाही.

दिगूच्या वर्गाचे वझरकर सर तेव्हा तरुण होते. सायकलवरून यायचे, पांढरा सदरा, बाह्या घडी घातलेल्या, अक्षर मोत्यासारखं. मारकुटे म्हणून त्यांची ख्याती नव्हती, हेही सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं कुणी राक्षस होता. इतर मास्तर मारायचे तितकंच तेही मारायचे. मी त्याच शाळेत दिगूच्या खालच्या वर्गात होते, आणि आमच्या बाईसुद्धा पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायच्या. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. शाळेत मार बसला हे घरी सांगायचं नसतं, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. शाळेत एक बसली तर घरी दोन. हा हिशेब आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर खनिजं लिहून दिली. लोखंड, तांबं, पितळ, सोनं. दिगूनं हात वर केला आणि म्हणाला, "सर, पितळ खाणीत नसतं. तांबं आन जस्त मिसळून करतात." सर म्हणाले, खाली बस. तो बसला असता तर तो दिगू कसला? तो म्हणाला, "खरंच सर, आमच्या दुकानात इचारा." वर्ग हसला. सरांना वाटलं आपल्यालाच हसला. ते खाली आले आणि त्यांनी उजव्या हाताची एक सणसणीत दिगूच्या डाव्या कानाखाली दिली. एकच. मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेत पसरलं होतं की भांडीवाल्याचा दिगू पाठीमागच्या बाकावर आपटला. मी त्याला शोधत गेले तर तो नळाखाली डोकं धरून बसला होता. मला म्हणाला, "शालू, कानात गिरणी चालू हाय. तुला ऐकू येती का?" मी त्याच्या कानाला कान लावून पाहिला. मला काही ऐकू आलं नाही.

पुढं कान दुखायला लागला, मग वाहायला लागला. दिगूनं मायला एवढंच सांगितलं की कान ठणकतोय. का ठणकतोय ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी सांगायला तोंड उघडलं तर त्यानं माझी वेणी ओढली. मायनं मग तिच्या मायनं केलं असतं तेच केलं. पळीत तेल घेतलं, चार लसणाच्या पाकळ्या टाकल्या, त्या लाल होईस्तोवर कढवलं, कोमट झाल्यावर दिगूचं डोकं मांडीवर घेऊन कानात थेंब थेंब सोडलं आणि वर कापसाचा बोळा. रोज दुपारी हा कार्यक्रम. त्या तळलेल्या लसणाचा वास सगळ्या खोलीत पसरायचा आणि मला भूक लागायची. माय त्याच्या केसांतून हात फिरवत बसायची. एरवी तिला बसायला फुरसत नसे. म्हणून दिगूलाही ते आवडत असावं. आज शाळकरी पोरही सांगेल की फाटलेल्या पडद्यावर तेल घालू नये. पण पडदा फाटलाय हे तिला कुणी सांगितलं होतं?

आणि दिगू गप्प झाला. एका कानात गिरणी, त्याच्यावर बोळा. अर्धं ऐकू येई, अर्धं नाही. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा न बोललेलं बरं, हे त्याला लवकर समजलं. वर्गात हात वर करणं बंद. दुकानात गिऱ्हाईकांशी गप्पा बंद. विचारलं तर मान हलवायची. कधी मान हलवायची नाही तिथंही हलवायचा, मग हातावर छडी बसायची. पण तो निमूट हात पुढं करायचा, म्हणून ती छडीसुद्धा कमी झाली. शाळेत मास्तर सांगू लागले, दिगंबर सुधारला. आण्णांनी ते ऐकलं आणि त्यांची छाती फुगली. रात्री जेवताना मायला म्हणाले, "बघितलं का? पोरगं वळणावर आलं. मास्तर असावा तर असा." माय म्हणाली, "लईच गप झालंय पण." आण्णा म्हणाले, "मग काय नाचू दे?"

आता इथून पुढचं जे आहे ते फक्त आमच्याच घरात होऊ शकत होतं. आण्णांच्या गावी रीत होती. कुणी तुमचं अडेलतट्टू खोंड औताला धरून शिकवलं, की त्या माणसाला घरी पुरणपोळीचं जेवण द्यायचं आणि टॉवेल-टोपी करायची. खोंड शिकवणं सोपं काम नसतं, त्याचा मान ठेवायचा. आण्णांनी ठरवलं, वझरकर सरांना जेवायला बोलवायचं. पोराचा कान फोडला म्हणून एखादा बाप शाळेत जाब विचारायला गेला असता, आमचा बाप टोपी आणायला गेला. त्यांना कान फुटल्याचं ठाऊक नव्हतं, खरं आहे. पण ठाऊक करून घ्यायला डोळे पुरले असते. पोराच्या कानात महिनोन् महिने कापूस होता.

गुरुवारी सर आले. मायनं पहाटेपासून पुरण घातलं होतं, येळवणीची आमटी, कुरडया, भजी, वाटीभर तूप. पाट मांडले, पाटापुढं रांगोळीची रेघ. मध्ये सर, एका बाजूला आण्णा, दुसऱ्या बाजूला दिगू, आणि तो अशा बाजूला बसला की त्याचा डावा कान सरांकडं आला. मी आमटी वाढत होते. सर आमच्या घरात आल्यावर अगदी वेगळेच झाले होते. मला म्हणाले, बाळ, हळू, सांडेल. भिंतीवरच्या फळीवर मांडलेली पितळेची भांडी बघत राहिले, आणि मग दिगूकडं वाकून, वर्गात कधी बोलले नसतील इतक्या हळू आवाजात म्हणाले, "दिगंबर, ते पितळेचं तू बरोबर सांगितलं होतंस. मी नंतर पुस्तकात पाहिलं."

दिगू पोळी मोडत राहिला.

सरांना वाटलं पोरगं रुसलंय. ते हसले, पुन्हा म्हणाले, "ऐकलंस का? तू बरोबर होतास." दिगूनं तुपात बोट बुडवलं. आण्णांचा पारा चढला. "सर काय म्हणायलेत? जीभ झडली का?" म्हणून त्यांनी सरांच्या पाठीमागून हात उगारला. तो हात दिगूला दिसला. त्यानं झटकन दोन्ही हातांनी डावा कान झाकला, आणि चेहरा वळवून, उजवा कान पुढं करून, घाबरून विचारलं, "काय म्हणले?"

मी तेव्हा सरांच्या ताटाजवळ होते. सरांचा घास हातातच राहिला. ते दिगूच्या हाताखालून दिसणाऱ्या बोळ्याकडं बघत होते, पिवळ्या पडलेल्या, तेलकट. "हे कधीपासून?" त्यांनी विचारलं. माय दाराआडून म्हणाली, "लई दिस झाले सर. कान फुटलाय. रोज लसणाचं तेल घालते, पण उतार नाय." सरांना बरोबर समजलं होतं, हे मला तेव्हाच समजलं, कारण त्यांनी आपला उजवा हात ताटातून उचलून मांडीवर ठेवला, खरकट्यासकट. मग म्हणाले पोट बरं नाही, आणि उठले. अख्खी पोळी पानात राहिली. आण्णांचा जीव कासावीस झाला. पाहुणा अर्ध्या ताटावरून उठतो म्हणजे काय! त्यांनी मायकडं असं पाहिलं, जणू पुरणात मीठ पडलं असावं. टॉवेल-टोपी सरांनी घेतली नाही, तर आण्णांनी जिन्यावरून पळत जाऊन ती त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला लावून दिली.

एवढं मात्र सरांनी केलं, की दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाले, पोराला सरकारी दवाखान्यात दाखवू, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, मी येतो. आण्णा तर भारावून गेले. मास्तर स्वतः दवाखान्यात येतो म्हणतोय! माय घर सोडू शकत नव्हती, म्हणून दिगूचा हात धरायला मला घेतलं. लांबलचक रांग होती, औषधाचा आणि फिनेलचा वास. डॉक्टरांनी डोक्याला आरसा लावून कानात पाहिलं, बाहेर काढलेला कापूस चिमट्यात धरून नाकाशी नेला आणि म्हणाले, "तेल कुणी घातलं? पडदा फाटलाय आणि आत सगळं चिघळलंय." मग विचारलं, "याला काही मार लागला होता का? कानावर?"

आण्णा म्हणाले, "नाय नाय साहेब. मार कुठला?"

मी म्हणाले, "सरांनी मारलं होतं."

आण्णांनी माझा दंड असा दाबला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "लहान हाय साहेब. कायबी बोलती." डॉक्टरांनी वझरकर सरांकडं पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. तिथं एक कडुनिंब होता, त्याच्यावर काही नव्हतं. मागं रांग खोळंबली होती. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि पुढच्याला हाक मारली. झालं, संपलं. एका माणसानं एक वाक्य बोलायचं होतं, तो मोत्यासारख्या अक्षराचा, शिकला-सवरलेला, आणि त्याच्या तोंडून ते निघालं नाही.

घरी येऊन आण्णांनी जिन्यातूनच मायला सांगितलं, "तुझ्या तेलानं पोराचा कान गेला. डॉक्टर म्हणले." सगळ्या आळीनं ऐकलं, कारण आमच्या घरात हळू कुणी बोलतच नसे. मायच्या हातात भाकरीचं पीठ होतं. तिनं तेलाची पळी चुलीतल्या राखेनं घासली आणि फळीवर अगदी वर ठेवून दिली, हात पुरणार नाही अशी. मी तिला सांगितलं, माय, सरांनी मारलं होतं गं, त्याच्या आधीच. ती म्हणाली, "मास्तर मारतातच की. सगळ्यांची पोरं मार खातात. कान जातो का त्यानं?" पुढंही मी कैक वेळा सांगितलं तरी ते तिच्या डोक्यात शिरलं नाही.

दिगूचा डावा कान परत आला नाही. दहावीनंतर त्यानं रेल्वेच्या भरतीची परीक्षा दिली, लेखी पास झाला, घरात पेढे आले, आणि वैद्यकीय तपासणीत बाद झाला. त्या दिवशी माय जेवली नाही. आण्णा म्हणाले, दुकान आहेच की. दुकान होतंच. दिगूनं ते चांगलं सांभाळलं. पितळ गेलं, स्टील आलं, तेही सांभाळलं. त्याचं लग्न झालं, मुलं झाली, आणि गिऱ्हाईकाशी बोलताना मान उजवीकडं वळवण्याची त्याची ढब सगळ्या बाजाराला परिचयाची झाली. बोलका दिगू मात्र कुणाला आठवत नाही. मला आठवतो. म्हणूनच मला राग येतो, बाकीच्यांना कसा येणार? माय प्रत्येक सुनेला, नातसुनेला बजावायची, पोराच्या कानात तेल घालू नका, माझ्या हातानं माझ्या लेकराचं वाटोळं झालं. पाहुण्यांना सांगायची. मंदिरात शेजारी बसलेल्या बाईला सांगायची.

मागं एकदा दिगूच्या वर्गाचं स्नेहमिलन झालं. हल्ली हे फार. मोबाइलवर ग्रुप काढतात, मग हॉल घेतात, म्हाताऱ्या मास्तरांना शोधून आणतात. दिगूनं मला सोबत नेलं, म्हणाला गर्दीत मला नीट ऐकू येत नाही. वझरकर सर हर्सूलला मुलाकडं राहत होते, तेही काठी टेकत आले होते. एकेक जण माइक घेऊन सांगू लागला, सरांनी मारलं म्हणून घडलो. मला अमुक सरांनी उलट्या हातावर मारलं, म्हणून आज मी इंजिनिअर आहे. टाळ्या. अरे, तुमच्याबरोबर मार खाऊन जे घडले नाहीत ते आज इथं आलेत का, त्यांना कुणी माइक दिला का? आणि मग आमच्या दिगूनं माइक घेतला. म्हणाला, "मी आज जो काही हाय तो सरांमुळं." मी कपाळाला हात लावला. हा माणूस तरी खरंच सरांमुळंच जो काही आहे तो आहे, पण त्याला तसं म्हणायचं नव्हतं.

नमस्कार करायला गेलो तेव्हा सरांनी दिगूला विचारलं, "कान कसा आहे?" एवढ्या वर्षांनी पहिला प्रश्न तो. दिगू म्हणाला, बरा आहे सर. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सर, आमची आई अजून म्हणते तिच्या तेलानं गेला. ती आता थकलीय. आण्णा गेले. तुम्ही जिवंत आहात, ती जिवंत आहे. एकदा तिला सांगा." दिगू माझ्यावर उखडला, "शाले, काय गरज होती?" सर काठीवर जोर देऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मला घेऊन चला."

रविवारी त्यांना रिक्षानं आणलं. मला वाटत होतं, आज माझ्या मायच्या छातीवरचा दगड निघणार. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी भांडत होते ते आज होणार. माय बाजेवरून उठत नसे, पण सर आले म्हणताच उठून बसली, डोक्यावरून पदर घेतला, सुनेला चहा-पोहे करायला लावले. सर खुर्चीवर टेकले. त्यांनी काही आडवळण घेतलं नाही. म्हणाले, "वहिनी, दिगंबरचा कान माझ्या हातानं गेला. मी त्याला मारलं होतं. पडदा तेव्हाच फाटला. तुमचं तेल नंतर. डॉक्टरांपुढं मी गप्प बसलो, त्याची माफी मागायला आलोय." एकेक शब्द स्पष्ट. हळू आवाजात, आमच्या घरात.

माय म्हणाली, "असं नका म्हणू सर." तिनं हात जोडले. "तुम्ही काय मुद्दाम केलं का? लेकराला शिकवायसाठीच ना?" सर म्हणाले, "नाही वहिनी, राग आला म्हणून मारलं." ती म्हणाली, "चहा घ्या, गार व्हायलाय." सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर तिनं पुढं होऊन आपल्या पदरानं त्यांचा कप धरलेला हात पुसला. कप हिंदकळला होता. पुन्हा एकदा त्यांनी सांगायचा प्रयत्न केला, पुन्हा तिनं पोह्यांची बशी पुढं केली. शेवटी दिगू त्यांना हाताला धरून खाली रिक्षापर्यंत सोडून आला.

मी मायजवळ बसले. म्हटलं, "ऐकलंस ना आता? त्यांच्याच तोंडून?"

"ऐकलं की," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं होतं की मला क्षणभर वाटलं, सुटली. मग ती दिगूकडं वळली, त्याच्या चांगल्या कानाकडं, आणि म्हणाली, "बघ, किती मोठ्या मनाचा माणूस. माझा दोष बी सोताच्या अंगावर घेतला."

दिगूनं मान हलवली. म्हणाला, "सर तसेच हायेत."

माय या हिवाळ्यात गेली. जाईपर्यंत ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन्ही गोष्टी सांगत होती, एकीला जोडून दुसरी. तिच्या तेलानं लेकराचा कान कसा गेला, आणि मास्तर किती देवमाणूस.